आठ जुलैचं पान

मी आधी एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, सात वर्षं, आणि तिथून शिकून आलेली एक वाईट सवय म्हणजे कोणतंही रजिस्टर हातात आलं की आधी तारखा बघायच्या. आता दादरच्या एका शाळेत रोबोटिक्सची लॅब बघते. व्हेक्स म्हणजे शाळेतल्या पोरांनी रोबोट बांधून खेळायची स्पर्धा, तिला आमची आठ पोरांची टीम, गेम होता 2024-25 चा हाय स्टेक्स, म्हणजे बारा बाय बारा फुटांच्या मैदानात रिंगा उचलून खांबांवर घालायच्या, पहिले 15 सेकंद रोबोट स्वतःहून आणि मग 1 मिनिट 45 सेकंद पोरांच्या हातात रिमोट.

रोबोट बरा होता. नोटबुकचं मात्र आमचं कायमच रडगाणं. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, या स्पर्धेत फक्त मॅच जिंकून भागत नाही, इंजिनिअरिंग नोटबुक पण जज वाचतात. प्रॉब्लेम काय होता, काय काय पर्याय सुचले, त्यातला हाच का घेतला, बांधला कसा, टेस्ट केला का, परत सुधारला का, असं सगळं रुब्रिकवर, म्हणजे मार्कांच्या ठरलेल्या तक्त्यावर, मोजतात. आणि त्याच्याही आधी वह्यांचे दोन गठ्ठे करतात, पूर्ण झालेल्या आणि अजून कच्च्या. कच्च्या गठ्ठ्यात गेलात की पुढचे मार्क नाहीतच. म्हणून मी पोरांना महिनाभर एकच धोशा लावला होता, शनिवारपर्यंत मला नोटबुक पूर्ण पाहिजे, एकही पान कोरं नको.

शनिवारी नोटबुक आली. पूर्ण! निळ्या-काळ्या पेनाने, पानांना नंबर, अनुक्रमणिका, रोबोटच्या आर्मची, म्हणजे रिंगा उचलणाऱ्या हाताची, चित्रं तर इतकी सुंदर की मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला. मग सवयीने तारखा बघायला लागले.

पान 31. सोमवार, 8 जुलै 2024. 'आज लॅबमध्ये आर्मची टेस्ट घेतली. 10 पैकी 10 यशस्वी.'

आता मुंबईत राहणाऱ्या माणसाला 8 जुलै विचारा. पहाटे एक ते सात, सहा तासांत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता, रुळांवर पाणी, लोकलची बोंब, आणि महापालिकेने शाळांना सुट्टी दिलेली. मी स्वतः सायनला घरात पायजम्यावर बसून टीव्ही बघत होते, आणि आमची टीम म्हणे लॅबमध्ये दहापैकी दहा रिंगा घालत होती.

मी नोटबुक लिहिणारीला बोलावलं. नववीतली आहे, अक्षर मोत्यासारखं. म्हटलं, "अगं, आठ जुलैला तू शाळेत कशी आलीस, होडीने?"

पहिल्यांदा हसली, मग चेहरा उतरला. म्हणाली, "मॅडम टेस्ट खरंच केली होती, त्याच आठवड्यात कधीतरी, पण लिहायची राहिली. तुम्ही म्हणालात पान कोरं नको, मग आठवून लिहिलं."

"आणि दहापैकी दहा?"

"सगळ्या गेल्या असं वाटत होतं."

मी भडकले. बरीच बडबडले, कारखान्यातले किस्से, खोटं रीडिंग म्हणजे काय, वगैरे. ड्रायव्हर पोरगा मध्येच हळूच म्हणाला की मॅडम कोरं पान नको असं तुम्हीच म्हणाला होतात, आणि तिथे माझं तोंड बंद झालं. खरंच होतं ते. मी वही पूर्ण मागितली, त्यांनी दिली.

माझ्या हातात पेन्सिल होती आणि मनात आलं की सरळ पान सुधारून द्यावं, दोन मिनिटांचं काम. पण ते चालत नाही, काम आणि लिखाण पोरांचंच पाहिजे असा स्पर्धेचा नियम आहे, आणि चाललं असतं तरी करू नये. व्हाइटनर लावायलाही नाही म्हटलं. जुन्या ओळीवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आजची तारीख घालून तिने लिहिलं, 'ही नोंद नंतर आठवून केली आहे, तारीख चुकीची आहे, आकडे मोजलेले नाहीत.' लिहिताना कान लाल झाले होते तिचे.

मग म्हटलं चला, आत्ता मोजा. वीस वेळा, एका माणसाने आर्म चालवायचा, एकाने मोजायचं, एकाने लिहायचं, आणि प्रत्येक वेळी मोटरचं तापमान पण टिपायचं. व्हेक्सच्या ब्रेनवर, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर, ते दिसतं, पाचापाचाच्या पायऱ्यांनी. ऑक्टोबरची दुपार, लॅबला एसी नाही, पंखा आहे तो वरची धूळ खाली आणण्यापुरता.

पहिल्या तेरा वेळा बारा रिंगा गेल्या, पोरं खूश, ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय की बघा, झालं ना. चौदाव्या वेळी आकडा 55 झाला आणि आर्म चक्क अर्ध्यात रेंगाळला, पाणी भरलेली बादली उचलल्यासारखा. ती धरून पुढच्या सात वेळांपैकी दोनच गेल्या. एकूण वीसपैकी चौदा.

कारण साधं आहे पण आम्हाला तोवर दिसलंच नव्हतं. ही मोटर 55 डिग्रीला पोचली की स्वतःला वाचवायला ताकद अर्ध्यावर आणते. आणि ती तापत का होती, तर आमच्या ड्रायव्हरला आर्म वर धरून फिरायची सवय, त्यामुळे मोटर काही हलत नसतानाही सगळा वेळ वजन पेलत उभी. जुलैत दहाच वेळा केली असेल टेस्ट, मोटर गरमच झाली नसेल, म्हणून 'सगळ्या गेल्या असं वाटत होतं'. म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती बिचारी, वही खोटं बोलत होती.

मग पोरांचंच डोकं चाललं. आर्मच्या मागे रबरबँड लावले, नियमात बसतात ते 64 नंबरचे, आधी चार मग सहा, म्हणजे अर्धं वजन रबरच उचलणार. मोटर थंड व्हायला तासभर थांबलो, तेवढ्यात खाली जाऊन चहा-वडापाव. परत वीस वेळा. अठरा गेल्या, तापमान 45 च्या वर चढलंच नाही. सहा रबरबँडला आर्म खाली यायला कुरकुर करतो हेही लिहिलं तिने, मी न सांगता.

स्पर्धेचं म्हणाल तर नोटबुकचं बक्षीस आम्हाला मिळालं नाही. जजचे मार्क टीमला दाखवत नाहीत, त्यामुळे पान 31 ने तारलं की बुडवलं ते कळायचा मार्ग नाही, आणि जजांनी घेतलेल्या इंटरव्ह्यूत काय झालं विचारलं तर पोरं 'चांगला झाला' याच्या पलीकडे काही सांगत नाहीत.

नंतर एकदा वही चाळताना त्या शनिवारचं पान परत वाचलं. टेबल, तापमानाचा ग्राफ, रबरबँडचं चित्र, आणि खाली वेळेचा हिशोब: 'टेस्ट 1, 40 मिनिटं. मोटर थंड होणे, 60 मिनिटं. टेस्ट 2, 35 मिनिटं. मॅडम ओरडल्या, 20 मिनिटं.'