नागपूरचा मे आणि हँग होणारा गेमिंग पीसी

मे महिना म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. पारा ४५ च्या आसपास गेला की दुकानात येणाऱ्या गेमिंग पीसींची तक्रार एकच असते: गरम होतो आणि हँग होतो. बहुतेकांचं काम ब्लोअर मारून आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलून भागतं. त्यामुळे इंजिनीअरिंगचा तो पोरगा वडिलांसोबत कॅबिनेट उचलून आला, तेव्हा संध्याकाळपर्यंत मोकळे होऊ असंच वाटलं होतं.

पीसी आधीच दोघांच्या हातून गेला होता. मित्रानं विंडोज फॉरमॅट मारून दिलं होतं. कुठल्याशा दुकानदारानं ‘पॉवर कमी पडतेय’ म्हणत नवा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गळ्यात मारला होता. काका वैतागलेले. “पाहा ना जी, नुसता पैसा चाललाय. हा गेम लावतो आन् अर्ध्या तासात डब्बा बंद.”

“बंद होतो की अडकतो?” मी पोराला विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण उत्तरातच निम्मा रोग कळतो. प्रोसेसर तापला तर तो आधी स्वतःचा वेग उतरवतो. आय-फाइव्ह १२४०० सारख्या इंटेलच्या चिपमध्ये ही मर्यादा १०० अंशांची आहे. गेम रखडायला लागतो, आणि ताप त्याहीपुढे गेला तर मशीन खटकन बंद पडतं. चित्र जागेवर थिजून राहणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नव्हे. पोरगा म्हणाला, “अडकतो. माउस थोडा वेळ फिरतो, गाणंही चालू असतं, पण क्लिक केलं की काहीच उघडत नाही. मग बटण दाबून बंद करतो.”

हे ऐकून कान टवकारले. पण समोरची घाण आधी काढायला हवी होती. कॅबिनेटची काच काढून ठेवलेली आणि समोर खिडकीतला डेझर्ट कूलर, अशी घरची व्यवस्था होती. विदर्भात हे घरोघरी दिसतं. हवा गार लागते खरी, पण ती ओली असते. तिच्यासोबत आलेली धूळ उडून जात नाही, चिकटते. प्रोसेसरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये तिचा नमदा झाला होता. ब्लोअरनं निघेना, शेवटी ब्रशनं खरवडला. फॅन मदरबोर्डवर पक्का धरणाऱ्या चार पिनांपैकी एक अर्धवट बसलेली होती, तीही नीट दाबली.

नंतर प्रोसेसरला पूर्ण राबवणारी सिनेबेंच ही टेस्ट अर्धा तास चालवली. प्रोसेसर ७४ वर थांबला. फरमार्क या ग्राफिक्सच्या टेस्टवर ग्राफिक्स कार्ड ७६. दोन्ही आकडे उत्तम. काका खिशात हात घालत म्हणाले, “झालं तर मग?” मी म्हटलं, थांबा, गेम लावू द्या त्याला.

काही वेळानं चित्र थिजलं. प्रोसेसर सत्तरीच्या आत आणि कार्डही निवांत! पोराचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं, कारण जे पकडायचं ते आता माझ्यासमोर घडलं होतं.

रीस्टार्ट करून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. शेवटी कर्नल-पॉवर ४१ होता. हा ४१ बघूनच लोक एसएमपीएस बदलायला धावतात. तो एवढंच सांगतो की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, आणि बटण तर आम्हीच दाबलं होतं. कामाची ओळ त्याच्या आधीची होती. एसटीओआरएनव्हीएमई (विंडोजचा ड्राइव्हशी बोलणारा भाग), इव्हेंट १२९, रीसेट टू डिव्हाइस. तीच ओळ परत परत. म्हणजे विंडोज ड्राइव्हला हाका मारत होतं आणि ड्राइव्ह ओ देत नव्हता. नशीब की विंडोज वेगळ्या साटा एसएसडीवर होतं, नाहीतर हे लॉगही लिहिलं गेलं नसतं. गेम ठेवलेला एम-टू ड्राइव्ह, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, मात्र नेमका ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली होता.

टेस्टमध्ये हे का दिसलं नाही? सिनेबेंच ड्राइव्हला हातही लावत नाही. फरमार्क कार्ड तापवतं, पण ड्राइव्ह रिकामाच बसतो. गेममध्ये दोन्ही एकदम होतं: वर १७० वॉटचं आरटीएक्स ३०६० कार्ड शेगडीसारखं धगधगतंय आणि खाली ड्राइव्हवरून सतत वाचन चाललंय.

आता एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ड्राइव्हच्या आकड्यावर नजर ठेवून गेम लावला. असे ड्राइव्ह साधारण ७० अंशांपर्यंत चालायला बनवलेले असतात. हा ८० ओलांडून ८६ ला गेला, आकडा हलायचा थांबला आणि गेमही थांबला.

“पण त्याच्यावर हीटसिंक आहे ना दादा,” पोरगा म्हणाला. होता. मदरबोर्डसोबत आलेली छान काळी पट्टी. स्क्रू खोलून ती उलटी केली, तर खालच्या थर्मल पॅडवर, म्हणजे उष्णता पट्टीत नेणाऱ्या मऊ थरावर, निळी पन्नी तशीच होती. कंपनीनं पॅडला धूळ लागू नये म्हणून लावलेली, बसवताना काढायची असते ती. उष्णतेनं तिच्या कडा वळल्या होत्या. पॅड ड्राइव्हला चिकटलाच नव्हता, मग उष्णता पट्टीत जाणार कशी? पीसी ज्यानं अ‍ॅसेंबल केला त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, पन्नी सोलली आणि पट्टी परत कसली. तोच गेम रात्री दुकान बंद होईपर्यंत चालू ठेवला. ड्राइव्ह ६७ च्या वर गेला नाही.

काका ती पन्नी बोटात धरून बघत होते. “याचे पैसे?”

“पन्नीचे नाही, साफसफाईचे आणि शोधायचे,” मी म्हटलं. त्यांनी थोडी घासाघीस केली, मीही थोडी सोडली. काच परत लावा, कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढा, हे पोराला सांगितलं. जुन्या एसएमपीएसचं काय केलं, असं विचारलं तर तो घरी माळ्यावर पडलाय म्हणे. त्यात काही खराबी असायचं कारणच नव्हतं. तपासून कोणाला तरी विकून देतो म्हटल्यावर काका दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो घेऊन पायरीवर हजर.