थांबताच बंद पडणारे इंजिन

आजचा बहुतेक दिवस बॉनेटखाली वाकून गेला. चालत्या गाडीत इंजिन सुरळीत होते, पण ब्रेक लावून थांबताच आरपीएमचा काटा खाली-वर होई आणि कधी इंजिन बंदच पडे. अशा तक्रारीवर थेट स्पार्क प्लग बदलून मोकळे होण्याची पद्धत मला पटत नाही. स्कॅनर जोडला तेव्हा आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक इंधनात करत असलेली वाढ-घट) अधिक २० टक्क्यांच्या आसपास होता आणि २५०० आरपीएमला तो शून्याजवळ आला; म्हणजे सेन्सरने न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरत होती, जी थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटलेला असताना इंधनमिश्रण पातळ करते, परंतु वेग वाढल्यावर हवेच्या मोठ्या प्रवाहात नगण्य ठरते. फट शोधण्यासाठी गरम इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी मानत नाही. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गात, धूर सोडल्यावर पीसीव्ही नळीच्या (इंजिनाच्या पोटातले वायू इनटेककडे नेणाऱ्या नळीच्या) वळणाखालून, जिथे नजर पोहोचतच नाही, बारीक रेघ निघाली. नळी बदलली, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बनही पुसला. आता गरम इंजिन ७५० आरपीएमवर स्थिर आहे. थंड इंजिनावरची तपासणी उद्या सकाळी करणार आहे.