कॅल्युमेटला जाण्याआधी फोटो उलटे करून बघा

सासूबाईंकडच्या फोटोंच्या डब्यातले बहुतेक पुरुष मिशिगनच्या तांब्याच्या खाणींत राबलेले. फिनलंडहून आले आणि ट्रॅमर म्हणून लागले. फोडलेला दगड डब्यात भरायचा आणि तो डबा अंधारात ढकलत शाफ्टपर्यंत, म्हणजे वर जाणाऱ्या विहिरीसारख्या बोगद्यापर्यंत न्यायचा, हे त्यांचं काम. पत्रं, रोजनिशी असलं काहीच मागे नाही. म्हणून या जूनमध्ये सासूबाई, नवरा आणि मी मिशिगनमधला कीविनॉ द्वीपकल्प गाठला. होटन, हॅनकॉक, कॅल्युमेट ही खाणींची गावं तिथलीच. शिकागोहून होटनपर्यंत गाडीने सात तास तरी धरा. ग्रीन बे सुटलं की पुढे जंगलच जंगल, तेव्हा पेट्रोल आधीच भरून घ्या.

निघण्याआधी एक संध्याकाळ फोटोंच्या मागच्या बाजूला द्या. पोस्टकार्डावर छापलेला फोटो असेल तर तिकिटाचा चौकोन बघा. तिथे 'अ‍ॅझो' असं फोटोच्या कागदाचं नाव असेल आणि चौकोनाच्या कोपऱ्यांतल्या चारही त्रिकोणांची टोकं वर असतील, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर, दोन खाली असतील तर त्यानंतरचा. मजकूर आणि पत्ता वेगळा करणारी मधली रेघ अमेरिकेत १९०७ मध्ये आली. आमच्या घरात 'संपाच्या आधीचा' (खाणकामगारांचा १९१३ चा संप) म्हणून मिरवलेल्या एका फोटोचे त्रिकोण दोन वर, दोन खाली निघाले. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. बाकी, जाड पुठ्ठ्यावरच्या फोटोखाली स्टुडिओचं नाव-गाव असतं, ते टिपून ठेवा. मागे पेनाने काही लिहू नका.

खरा खजिना होटनला, मिशिगन टेक विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. कॅल्युमेट अँड हेक्ला या तांब्याच्या खाणी चालवणाऱ्या कंपनीची कामगार-कार्डं तिथे आहेत. आपल्याकडे त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत जशी वंशावळ सापडते, तसा इथे कामगारांचा माग कंपनीच्या दप्तरात लागतो. अर्थात कंपनीने ही कार्डं काही मायेपोटी लिहिली नव्हती. माणूस कुठला, कोणत्या कामावर, कधी लागला, कधी सुटला, यावर तिला नजर ठेवायची होती. आज पणतवंडांना त्याच पाळतीचा आधार. आमच्या पणजोबांचं काम जुलै १९१३ मध्ये सुटलेलं दिसलं. २३ जुलैलाच संप सुरू झाला होता, त्यामुळे वेगळं कारण शोधावं लागलं नाही. जाण्याआधी ईमेल करा आणि नावाची सगळी स्पेलिंगं कळवा. फिनिश नावं इथे ज्याला जशी ऐकू आली तशी लिहिली गेलीत. फोटोंच्या प्रती न्या, मूळ फोटो घरीच राहू देत.

जनगणना घरी बसून बघून घ्या. नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे १९५० पर्यंतच्या मिळतात. १८९० च्या मात्र आगीत बहुतेक सगळ्या गेल्या, त्यामागे वेळ घालवू नका.

हॅनकॉकजवळची क्विन्सी खाण बघाच. तिथलं वाफेवर चालणारं होइस्ट, म्हणजे खाणीतून दगड वर ओढणारं यंत्र, एवढं अजस्र आहे की कॅमेऱ्यात मावत नाही. खाली भर उन्हाळ्यातही ६ अंशांच्या आसपास तापमान असतं, जॅकेट लागतंच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या वरच थांबल्या. ज्यांच्यासाठी आलो त्यांनी रोज हीच थंडी आणि हाच ओलावा सोसला, हे मला फोटोंपेक्षा तिथे जास्त कळलं.

कॅल्युमेटमध्ये इटालियन हॉलची फक्त कमान उरली आहे. इमारत १९८४ मध्ये पाडली. संप चालू असताना, २४ डिसेंबर १९१३ ला, संपकऱ्यांच्या मुलांसाठी वरच्या मजल्यावर नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यातली बहुतेक मुलं. ओरडलं कोण, हा वाद आजही मिटलेला नाही. गावात कुणाशी बोलताना या विषयावर आपण कमी बोलावं आणि जास्त ऐकावं.

हिवाळ्यात इथे येऊ नका, बर्फ अफाट पडतो. जेवायला पेस्टी, म्हणजे मोठ्या करंजीसारखी भाजलेली, आहेच, खाणकामगारांचा डबा तोच: मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा कंद भरलेली. शाकाहारी असाल तर भाजीची आहे का, ते फोनवर आधी विचारा. तिच्याबरोबर केचप घ्यायचं की ग्रेव्ही, या स्थानिक भांडणात पाहुण्याने पडू नये.