लंगडत नव्हती, तरीही

पुण्यातल्या रेस पावसाळ्यात असतात, त्यामुळे सकाळच्या गॅलपनंतर तबेल्यात घोडे, सईस आणि घोड्यांची डॉक्टर म्हणून मी, सगळेच चिखलाने माखलेले. त्या दिवशी एका चार वर्षांच्या घोडीचा सईस तिच्या पुढच्या डाव्या पायाशी उकिडवा बसला होता. "मॅडम, जरा हात लावून बघा. इथं मागनं गरम लागतंय."

सूज म्हणावी तर नखाएवढी. चालवून पाहिली, दुडकी पळवली. घोडी एकही पाऊल चुकली नाही. आदल्या दिवशी तर ती झकास पळाली होती. शनिवारी तिची रेस. "काही नाही, बर्फ लावा," एवढंच मी म्हणावं, हे ट्रेनरच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

सोनोग्राफी केली. पायाच्या मागून खुराकडे जाणाऱ्या टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, ऐन गाभ्यात काळा डाग. तंतू तुटले होते.

घोड्याचं हृदय एरवी मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, भरधाव पळताना 220 च्या वर जातं. प्लीहा राखीव तांबड्या पेशी रक्तात ओतते. हा सगळा दम काही आठवड्यांच्या सरावाने वाढतो. पण गुडघ्याखाली स्नायू जवळपास नाहीतच; हाड, टेंडन आणि कातडी, बस्स. प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार एकट्या पुढच्या पायावर पडतो. टेंडन रबरासारखा ताणला जातो, आतून 45 अंशांपर्यंत तापतो आणि त्याला रक्तपुरवठा तुटपुंजा. सराव करून तो दमाइतका भरभर बळकट होत नाही. जोमात पळणाऱ्या घोडीचीच मला जास्त धास्ती वाटते ती यामुळे.

मालकांचा फोन आला. "लंगडत नाही ना? मग ही एक रेस काढू द्या की." मी म्हटलं, टेंडन ट्रॅकवर तुटला तर पाठीवरचा जॉकीही खाली येईल. ट्रेनरने नाव मागे घेतलं. कुरकुरत, पण घेतलं.

पुढे थंड पाण्याचा शेक, पट्ट्या, तबेल्यातली विश्रांती आणि हातात धरून थोडं थोडं चालवणं. अशा दुखण्यात नऊ महिने ते वर्ष सहज जातं आणि भरून येतो तो व्रणाचा तंतू, पहिल्यासारखा लवचीक नसतो. पुढच्या सोनोग्राफीत डाग निम्मा भरलेला दिसला, तेव्हा मालकांनी तिला पैदाशीसाठी स्टड फार्मवर पाठवायचं ठरवलं. सईस माझ्यावर आठवडाभर रागावला होता. हातातली घोडी गेली, आणि ती त्याच्याच सांगण्यावरून.