'द पोर्टर': दारूची गोष्ट की युनियनची?

'द पोर्टर' एकदाची बघून संपली. आठच एपिसोड आहेत पण आम्हाला महिना लागला, कारण मी आणि ताई मिळून बघत होतो आणि प्रत्येक एपिसोडनंतर अर्धा-पाऊण तास नुसता वाद. मध्येमध्ये भाऊजी येऊन बसायचे आणि तिसरंच काहीतरी म्हणायचे. तेच सगळं लिहून काढतेय, कारण ही मालिका बघितलेलं आमच्या ओळखीत अजून कोणीच नाहीये आणि ती लोकांनी बघावी असं मला मनापासून वाटतं.

मालिका कॅनडाची, 2022 मध्ये सीबीसी या तिथल्या सरकारी वाहिनीवर आलेली. काळ 1921, जागा मॉन्ट्रियलमधली सेंट अँटवान ही कृष्णवर्णीयांची वस्ती. पोर्टर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर प्लॅटफॉर्मवरचा हमाल येतो, पण हे ते नाहीत. हे स्लीपिंग कारमधले, म्हणजे रेल्वेच्या झोपायच्या डब्यातले पोर्टर, म्हणजे अख्खा डबा एकट्याच्या जबाबदारीवर. सामान चढवायचं, रात्री सीटचे बर्थ करून चादरी घालायच्या, सगळे झोपले की त्यांचे बूट पॉलिश करत बसायचं, घंटी वाजली की कितीही वाजले असोत धावायचं, सकाळी परत बर्थच्या सीट करायच्या, आणि हे सगळं हसऱ्या चेहऱ्याने, कारण पगार इतका तुटपुंजा की घर टिपवरच चालायचं आणि आठ्या घातलेल्या माणसाला टिप कोण देणार. पॉलिशची डबीसुद्धा स्वतःच्या खिशातून. लांबच्या फेरीवर झोप मिळायची ती रात्रीतले दोन-तीन तास, तीही स्मोकिंग रूममधल्या कोचावर. आणि वर बढती नाहीच, म्हणजे कितीही वर्षं काढली तरी कंडक्टर व्हायचं स्वप्न बघायचं नाही, ती जागा गोऱ्यांची.

मला सगळ्यात जास्त लागलं ते 'जॉर्ज'. प्रवासी कुठल्याही पोर्टरला सरळ 'जॉर्ज' अशी हाक मारायचे. स्लीपिंग कारचा धंदा मोठा केला तो अमेरिकेतल्या जॉर्ज पुलमनने, त्याने यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांना पोर्टर म्हणून कामावर घेतलं, आणि गुलामाला जसं मालकाच्या नावाने ओळखायचे तसं या सगळ्यांचं नाव जॉर्ज होऊन बसलं. माणूस तीस वर्षं नोकरी करतो आणि रोज त्याला दुसऱ्याच्याच नावाने बोलावतात! हे ऐकलं की मला त्या डब्यात बसवत नव्हतं.

आता वादाकडे येते. गोष्ट दोन मित्रांची आहे, ज्युनियर आणि झीक. गाडीवर काम करताना एका तरुण पोर्टरचा जीव जातो आणि तिथून दोघांचे रस्ते फुटतात. झीक युनियन बांधायच्या मागे लागतो आणि ज्युनियर दारूच्या चोरट्या धंद्यात शिरतो. ताईचं म्हणणं, "अगं युनियनचा सीन आला की मी फोन बाजूला ठेवते, जरा रंगायला लागतं आणि हे लगेच शिकागोला त्या टोळीवाल्या क्वीनीकडे नेऊन सोडतात, गँगवॉर बघायला दुसऱ्या काय कमी मालिका आहेत का." भाऊजींचं बरोब्बर उलट, त्यांच्या मते ज्युनियर नसता तर ते पहिल्याच एपिसोडला उठून गेले असते, नुसत्या मिटिंगा कोण बघणार.

मी आधी ताईच्या बाजूने होते. नंतर माझं मत बदललं. दारूचा ट्रॅक मसाला म्हणून चिकटवलेला नाहीये. अमेरिकेत 1920 पासून दारूबंदी होती आणि क्यूबेकमध्ये 1921 मध्ये सरकारनेच दारूविक्री स्वतःच्या हातात घेतली, म्हणजे सीमेच्या या बाजूला दुकान उघडं आणि त्या बाजूला घसा कोरडा, आणि मधून रोज गाडी जाते. आणि त्या गाडीत युनिफॉर्म घातलेला, सगळ्यांसमोर असूनही कोणाच्याच नजरेत न भरणारा पोर्टर. त्याला माणूस म्हणून कोणी बघतच नाही, याच गोष्टीचा ज्युनियर फायदा उठवतो, हे मला फार खरं वाटलं. पोर्टरची नोकरी सोडून स्वतःचं काही उभं करणारे खरेही होते, रूफस रॉकहेड हा जमैकाहून आलेला माणूस आधी पोर्टर होता, त्याने 1928 मध्ये मॉन्ट्रियलमध्ये स्वतःचा नाइटक्लब काढला आणि तो कितीतरी वर्षं गाजला.

पण ताईचा मुद्दा एका ठिकाणी शंभर टक्के बरोबर आहे. युनियनचा खरा इतिहास इतका जबरदस्त आहे की त्याला अजून वेळ द्यायलाच हवा होता. कॅनडातल्या रेल्वे कामगारांच्या मोठ्या युनियनमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, त्यांच्या घटनेतच तसं लिहिलेलं! म्हणजे मालक एका बाजूने दाबतोय आणि सोबतचा कामगार दुसऱ्या बाजूने दार लावून घेतोय. मग जॉन ए. रॉबिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1917 मध्ये विनिपेगला पोर्टरांची स्वतःची संघटना काढली. 1919 मध्ये मोठ्या युनियनने त्यांना आत घेतलं खरं, पण शाखा वेगळी. (मालिकेचं शूटिंग विनिपेगलाच झालंय, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.) झीक जे भिंतीवर डोकं आपटत राहतो ते लेखकांनी रचलेलं नाटक नाहीये, त्याच्या मागे हे सगळं आहे.

बायकांबद्दल आमच्यात एकमत. मार्लीन, म्हणजे ज्युनियरची बायको, कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेत ब्लॅक क्रॉस नर्स असते आणि ती पडद्यावर आली की मला बाकी कोणी नको वाटायचं. ही संघटना मॉन्ट्रियलमध्ये खरंच जोरात होती, पुढे अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे मोठे नेते झालेल्या माल्कम एक्सचे आईवडील तिच्याच कामातून मॉन्ट्रियलमध्ये भेटले आणि 1919 मध्ये त्यांनी तिथे लग्न केलं. मालिकेतल्याच ल्यूसी या नर्तकीला क्लबमध्ये पुढे नाचायचंय पण तिचा रंग आड येतो, आपल्याच लोकांमधला हा गोरा-काळा हिशोब दाखवायला धाडस लागतं. अभिनेत्री आल्फ्रे वुडर्डचं काम तर काय सांगू, ती नुसती बघते तरी सीन तिचा होतो.

खटकलं ते पण लिहिते. कपडे फार स्वच्छ, इतक्या कोळशाच्या धुरात कॉलर पांढरीशुभ्र कशी राहते. काही संवाद आजचे वाटतात. आणि शेवटचे दोन एपिसोड इतके पळवलेत की एका महत्त्वाच्या भांडणाला जेमतेम पाच मिनिटं मिळालीत.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र ही की दुसरा सीझन आलाच नाही. 2023 मध्ये बारा कॅनेडियन स्क्रीन अवॉर्ड मिळवले आणि तरी मालिका तिथेच थांबली. म्हणजे खरी लढाई सुरू होते तिथेच पडदा पडला. अमेरिकेत ए. फिलिप रँडॉल्फ यांनी 1925 मध्ये ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स ही पोर्टरांची युनियन काढली आणि पुलमन कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं. कॅनडात कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीशी करार झाला तो 1945 मध्ये. पगारवाढ, ओव्हरटाइम, वर्षाला एक आठवडा भरपगारी रजा, आणि डब्यात स्वतःच्या नावाची पाटी लावायचा हक्क. पाटी! म्हणजे आता जॉर्ज नाही, प्रवाशाने वाचायचं आणि त्याच नावाने हाक मारायची. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं.

1921 चा झीक 1945 पर्यंत चांगला वयस्कर झाला असता. केस पांढरे झालेला झीक डब्यात ती पाटी लावतोय, हा सीन मला बघायचा होता आणि तो आता कोणी करणार नाही.

ताई म्हणते, परत पहिल्यापासून बघू, या वेळी प्रत्येक 'जॉर्ज' मोजू. मी हो म्हटलंय, पण अट घातलीय, शिकागोचे सीन पुढे ढकलायचे नाहीत.