आज्जीच्या लुगड्यांची वाकळ

गेले दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की मी वाकळ शिवत बसते. आमच्या सांगलीकडं गोधडीला वाकळच म्हणतात. वर-खाली आज्जीची 2 नऊवारी लुगडी, मधे बाबांची जुनी धोतरं, सगळं जमिनीवर ताणून अंथरायचं, सुरकुती राहू द्यायची नाही, मोठ्या टाक्यांनी कच्चं टाचायचं आणि मग कडेनं धावदोरा घालत चौकोनात फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचं. कापड सुतीच घ्या हं, जितकं धुऊन मऊ झालेलं तितकं छान. मशीनवर लवकर होईल, पण हातटाक्यानं कापडावर जी बारीक लाट उठते ना ती मला फार आवडते. काल हिरवा काठ शिवताना आईनं ओळखला, म्हणाली हे लुगडं आज्जी औदुंबरला जाताना नेसायची.