सुपरचार्जरचा सेमिनार आणि एक लाल शेरा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सेमिनारला मी सुपरचार्जर हा विषय घेतला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. विषय मंजूर होणं, आकृत्या काढणं, टायपिंग, सगळं आठवड्यात उरकलं. पुढे एका सहीसाठी दीड महिना गेला.

रूट्स ब्लोअर हा त्याचा एक प्रकार. त्याबद्दल मी लिहिलं होतं, 'रूट्स ब्लोअरमध्ये दोन रोटर हवा दाबतात.' गाइड सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि 'परत लिहा' एवढाच शेरा दिला. मी शब्द फिरवून तेच लिहिलं. पुन्हा लाल रेघ. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तर सर परीक्षेच्या ड्यूटीवर. चौथ्यांदा शिपाईकाका म्हणाले, "आत्ताच गेले रे, जरा लवकर यायचं ना." चोपड्याहून एसटीने जळगाव, तेही मार्चअखेरच्या उन्हात! चूक काय ते एका ओळीत सांगायला सरांना काय जड होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी गाठ सोडवली मामाने. तो एमआयडीसीत ऑपरेटर आहे. कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडायला तिथे रूट्स ब्लोअरच आहे. दुरुस्तीला उघडला होता तेव्हा मामाने रोटर हाताने फिरवून दाखवले. "हाऊ फक्त हवा ढकलस रे भाचा, दाब तं पुढे पाइपमा तयार व्हस."

म्हणजे लोब (रोटरचे फुगीर भाग) आणि केसिंग (बाहेरचं कवच) यांच्या मधल्या पोकळीत हवा अडकते आणि तशीच पलीकडे नेली जाते. ती जागा वाटेत लहान होतच नाही. बाहेरचं तोंड उघडलं की पुढची दाबाखालची हवा उलटी आत घुसते, तेव्हा दाब चढतो, आणि हवा तापतेही जास्त. रूट्स बंधूंनी याचं पेटंट 1860 साली घेतलं, तेव्हा मोटारगाड्या कुठे होत्या!

ट्विन स्क्रू या दुसऱ्या प्रकारात मात्र दोन मळसूत्रांमधली जागा पुढे पुढे आक्रसत जाते, म्हणून हवा आतच दाबली जाते. मामाच्या कारखान्यातला स्क्रू कॉम्प्रेसर याच जातीचा. तिसरा प्रकार सेंट्रिफ्युगल, म्हणजे आपल्या कापसाच्या जिनिंगमधल्या पंख्याचा चुलतभाऊ. इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, हवा बाहेर भिरकावतो आणि पुढे त्या वेगाचाच दाब होतो. फेरे दुप्पट झाले की दाब साधारण चौपट वाढतो, म्हणून कमी वेगात हा सुस्त.

आणि हो, बाइंडिंग सही झाल्यावरच करा. मी आधी करून बसलो, दोनदा पैसे गेले.

नवीन पान वाचून सर फक्त "हं" म्हणाले आणि सही केली. मला तर स्टाफरूममध्येच नाचावंसं वाटलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी रूट्सचं नावही काढलं नाही. "टर्बो आणि यात फरक काय?" मी म्हणालो, "टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर पट्ट्यावर, इंजिनाच्या क्रँककडून ताकद घेऊन. म्हणून पाय दाबला की लगेच हवा, पण इंजिनाची थोडी ताकद हाच खातो."

"या," म्हणाले.